बाबांच्या आवाजाची सीडी

माझ्या लग्नाची बैठक रविवारी सकाळी होती आणि शनिवारी दुपारी बाबांचा आवाज बंद पडला. खरा आवाज तर वर्षभर आधीच गेला होता. हा दुसरा, कंप्युटरचा.

थांबा, हे असं नाही समजायचं. पहिल्यापासून सांगते.

माझे बाबा अकोल्याच्या मार्केट यार्डात हर्रास पुकारायचे. हर्रास म्हणजे शेतमालाचा लिलाव. तुरीच्या ढिगाजवळ उभं राहायचं, मूठभर तूर उचलायची आणि "बोला, माल पाहा अन् बोला!" म्हणून सगळं यार्ड डोक्यावर घ्यायचं. त्या वर्षांत भाव असे पडत होते, की पुकारणाऱ्यालाच लाज वाटावी. बाबांना वाटायची. आपण मोठ्यानं ओरडलो तर व्यापारी लाजेकाजेनं तरी भाव चढवेल, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे भाव जितका खाली जाई तितका बाबांचा आवाज वर. एखादा जुना व्यापारी सवयीनं रुमालाखाली दुसऱ्याच्या हातात हात घालून, बोटं दाबून गुपचूप सौदा करायला लागला, की बाबा तिथूनच त्याच्यावर तुटून पडत. "तोंडानं बोल न बे! मुका हायेस का?" रुमालाखालचा भाव शेतकऱ्याला दिसत नाही, म्हणून त्या रुमालावर त्यांचा जन्माचा राग.

मग घशात गाठ निघाली. तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि यार्डातली धूळ, दोघांनी मिळून काम केलं. नागपूरला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकलं आणि श्वासासाठी गळ्याला खाली एक भोक ठेवलं. ते झाकायला बाबा गळ्याभोवती पांढरा दुपट्टा गुंडाळायला लागले. तो दुपट्टा ते कोणासमोर काढत नसत, आईसमोरसुद्धा नाही.

बोलायला त्यांना पाटी दिली होती. पण रागीट माणसाला पाटी काय कामाची? दूधवाला पाणी घालतो म्हणून बाबा 'दुधात पाणी' लिहीपर्यंत तो पुढच्या गल्लीत पोचलेला असे. बाबा पाटी घेऊन मागे धावत, तो वाचे, "बराबर हाये काका" म्हणे आणि सायकलवर टांग मारून निघून जाई. उरलेला राग आम्हाला मिळायचा, तोही पेन्सिलीनं.

त्यात आमचे काका. बाबांचे धाकटे भाऊ, भिंतीपलीकडेच राहायचे. ऑपरेशननंतर ते रोज बाबांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले आणि बाबांच्या वतीनं बोलायला लागले. बाबांनी बोट वर केलं, की काका सांगत, "दादा चाय मांडा म्हणून राहिले." बाबांना पंखा लावून हवा असायचा. बाबांनी हात झटकला, की "दादा म्हणते, संगं चिवडाई आना." वर्षभरात बाबांच्या नावावर काकांनी किती चिवडा खाल्ला याला सुमार नाही. चिवड्याचं एक वेळ सोडा. पण हळूहळू ते बाबांची मतंही सांगायला लागले. कोणी सल्ला विचारायला आलं, की "दादाचं म्हननं असं हाये का..." अशी सुरुवात व्हायची, आणि दादा समोर लालबुंद होऊन पाटीवर खरडत बसलेले. त्यांचं लिहून होईपर्यंत माणूस काकांचा सल्ला घेऊन घरी गेलेला असे. मला असा संताप यायचा!

मी तेव्हा अमरावतीला एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवत होते. आठवडाभर तिथं खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी एसटीनं अकोल्याला, जुन्या शहरातल्या आमच्या घरी. एक नेट कॅफे बंद पडला तेव्हा त्याचा जुना कंप्युटर मी उचलून आणला आणि त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. फुकट होतं आणि मला तेच येत होतं. त्यात एक बोलणारा प्रोग्राम होता. आपण टाइप करायचं, एंटर दाबायचं, की तो वाचून दाखवतो. पण आवाज होता इंग्रजी. बाबांनी इंग्रजी अक्षरांत 'चहा' टाइप केलं, तर एखाद्या साहेबानं तोंडात खर्रा ठेवून ऑर्डर सोडावी तसं काहीतरी आलं. आईनं चटकन डोक्यावर पदर घेतला. "घरात परका मानूस बोलून राहिला न वं," ती म्हणाली. तेव्हापासून कंप्युटर बोलला की आई पदर घ्यायची.

आता सीड्यांचं सांगते, कारण सगळा घोळ त्यांनीच केला.

आजारी माणसाला भेटायला आमच्याकडे कोणी हात हलवत येत नाही. केळी आणतात, बिस्किटांचे पुडे आणतात. पण काकांनी गावभर सांगून ठेवलं होतं, की दादा आता कंप्युटरवर बोलते आणि कंप्युटर सीडीवर चालते. झालं! जो येईल तो सीडी घेऊन. तेव्हा कंप्युटरच्या मासिकांसोबत लिनक्सच्या सीड्या फुकट मिळायच्या, कॉलेजातली पोरं त्यांच्या नकला वाटायची. त्या सगळ्या आमच्या घरी आल्या. आत्याच्या जावयाची आली, खतवाल्या दुकानदाराची आली. यार्डातल्या हमालांनी तर वर्गणी काढून एक आणली, वर झेंडूचा हार घातलेली. समोरच्या चाचींनी आणलेली सीडी त्यांच्या पुतण्याच्या निकाहची निघाली. ती आम्ही यंत्रात घालून दिवा लुकलुकताना दाखवला, तेवढ्यावर त्या खूश झाल्या.

बरं, आणलेली वस्तू ठेवून दिली आणि मागाहून वापरली, असं आमच्याकडे चालत नाही. पाहुणा म्हणणार, "लावून तं पाहा!" आणि लावेपर्यंत चहाला हात लावणार नाही. म्हणून प्रत्येक सीडी त्याच्यासमोर लावायची आणि पॅकेज मॅनेजरला नोंदवून द्यायची.

पॅकेज मॅनेजर म्हणजे लग्नघरातली कोठी सांभाळणारी बाई समजा. कोणती वस्तू कुठे आहे, कशासोबत काय लागतं, सगळं तिला ठाऊक. नवीन प्रोग्राम पाहिजे असला की तिच्याकडे मागायचा, ती सगळ्या सीड्यांच्या याद्या डोक्यात घोळवून बरोबर तो काढून देते. नोंदवायचं कसं ते मी काकांनाही शिकवलं होतं. दुर्बुद्धी, दुसरं काय! मी अमरावतीला असताना काका नोंदवत बसायचे, एकही पाहुणा नाराज जाऊ द्यायचा नाही म्हणून.

अशात माझं लग्न निघालं. स्थळ बाळापूरचं, मुलाचे वडील धान्याचे व्यापारी. मुलगा चांगला होता, माझं त्याच्याशी बोलणंही झालं होतं. पण बैठकीत माझ्या नोकरीचा विषय निघणार हे सगळ्यांना माहीत होतं. आणि काका काय बोलणार तेही मला पाठ होतं: "सोडन न ते! दादाचं म्हननंच हाये, पोरीनं घर सांबाळावं."

मी बाबांसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "बाबा, मले नोकरी नाई सोडाची. अन् ही बैठक म्हंजे हर्रासच हाये. माल मधात ठेवून बाकीचे बोलनार."

बाबांना ते फार लागलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'मग तू बोल.'

"मी बोलली तं मागच्या दोन स्थळासारखं होईन. पोट्टी तोंडाची फाटकी हाये म्हनतीन अन् उठून जातीन. तुमी बोला. काका नाई, तुमी."

बाबांनी पाटी खाली ठेवली. मग त्यांनी कंप्युटरकडे बोट दाखवलं. बाळापूरच्या व्यापाऱ्यासमोर ते पाटी धरणार नव्हते. ते बोलणार होते.

इंग्रजी साहेबाच्या आवाजात हे बोलून चालणार नव्हतं. बोलण्याच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती निघाली होती, तिच्यात हिंदी आवाज होता, म्हणजे देवनागरी अक्षरं वाचता येत होती, म्हणजे आमची मराठीही कशीबशी निघाली असती. मी अमरावतीहून त्याची सीडी घेऊन आले. शनिवारी दुपारी ती नोंदवली, पॅकेज मॅनेजरला म्हटलं आवाज दे. तो याद्या वाचायला लागला, वाचत गेला, वाचत गेला, आणि पटकन पडला, म्हणजे मध्येच बंद झाला. पडद्यावर शब्द आले, सेगमेंटेशन फॉल्ट. पुन्हा चालवला, पुन्हा पडला. जुना आवाज काढून नवा टाकायला मीच आधी सांगून बसले होते, त्यामुळे आता साहेबही नव्हता आणि हिंदीवालाही नव्हता.

"फॉल्ट हाये म्हंते तं लाइनमनले बलाव न," काका म्हणाले.

काकांनी बाहेर जाऊन गल्लीत सांगितलं, की पोरगी पॅकेज काढून राहिली पन ते निघून नाई राहिलं. त्या वर्षांत आमच्याकडे पॅकेज म्हटलं की सरकारनं शेतकऱ्यांना जाहीर केलेलं, दुसरं नाहीच. थोड्या वेळानं दोन जण सातबारा घेऊन दारात उभे. त्यांना चहा पाजून परत पाठवेपर्यंत लाइट गेली.

लोडशेडिंग संपून संध्याकाळी लाइट आली तेव्हा घरात उपायांची रांग लागली होती. आईनं मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी कंप्युटरची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका बाबांना सोसणार नाही म्हणून जाळल्या मात्र नाहीत. त्यामुळेच दृष्ट उतरली नाही, असं तिचं आजही मत आहे. काकांच्या ओळखीच्या मेकॅनिकनं फोनवर सांगितलं, रॅम काढा आणि खोडरबरानं पुसा. हे ऐकून हसू नका, आमच्या क्लासमध्येही आम्ही हेच करायचो आणि अर्ध्या वेळा मशीन चालूही व्हायचं. मी रॅम काढली, पुसली, बसवली. पॅकेज मॅनेजर त्याच ठिकाणी पडला.

मग मी डोकं थंड केलं. पहिल्यांदा वाटलं, एखादी सीडी खराब असेल आणि तिची यादी वाचताना हा पडत असेल. म्हणून अर्ध्या सीड्यांच्या नोंदी थोडा वेळ बाजूला केल्या. चालला! म्हटलं सापडला चोर, तो बाजूला काढलेल्या अर्ध्यात आहे. मग त्या अर्ध्या लावल्या आणि पहिल्या काढल्या. तरी चालला. दोन्ही एकत्र लावल्या की पडायचा. मी कपाळावर हात मारला. सीडी एकही खराब नव्हती. जिथं चार-दोन याद्या असाव्यात तिथं आम्ही गावभराच्या कोंबल्या होत्या, आणि सगळ्या मावतील एवढी जागा त्या बापड्याकडे नव्हती. आम्ही त्याला आग्रह करकरून मारलं होतं.

"अर्ध्या काढून टाकते," मी म्हटलं.

मग काका म्हणाले, "कोनाच्या?"

"कोनाच्याई!"

"आत्याच्या जवायाची काढशीन तं आत्या लग्नात पाय ठेवन का? अन् बाळापूरवाल्यायनं मंधात एक धाडली होती, ते काढली अन् उद्या व्याह्यानं इचारलं, आमची सीडी कुठी हाये, तं?"

"काका, पडद्यावर कोन पाहून राहिलं? अन् आजच्यापुरती काढते, सोमवारी परत लावते."

"पंगतीतून मानसाले आजच्यापुरतं उठवते काय वं कोनी?"

मी काही बोलणार तेवढ्यात बाबांनी पाटी वर केली. 'हमालांची काढू नको. कोणाचीच काढू नको.' हमालांच्या सीडीवरचा वाळलेला हार अजून कंप्युटरवरच होता.

मी अमरावतीला माझ्याबरोबर शिकवणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला. तिच्याकडे नेट होतं. तिनं शोधून सांगितलं, की यादीसाठी किती जागा घ्यायची याची एक मर्यादा ठरलेली असते आणि ती एका ओळीत वाढवता येते. तिनं ओळ वाचली, मी टाइप केली. आकडा घातला तो चांगला दणदणीत, पुढच्या दहा पाहुण्यांना पुरेल असा. पाहुण्यांची मनं मोडण्यापेक्षा यंत्राचं पोट वाढवून दिलं, एवढंच. पॅकेज मॅनेजर सगळ्या गावाच्या याद्या मुकाट्यानं वाचून गेला आणि आवाज निघाला.

बाबा एका बोटानं टाइप करायला बसले. काका शेजारीच होते. एंटर दाबल्यावर स्पीकरमधून ठणठणीत, सपाट आवाज आला, "मला चिवडा नको होता."

आईनं पदर घेतला आणि पदराआड ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. काका म्हणाले, "मशीन अजून बराबर नाई झाली."

रविवारी पाहुणे आले. बाबा इस्त्रीचा सदरा घालून, दुपट्टा नीट गुंडाळून कीबोर्डसमोर बसले. मुलाचे वडील म्हणजे चांगलाच भारदस्त माणूस, बाळापूरला अन् अकोल्याला उभा जन्म सौदे केलेला. बाबांनी स्वागत टाइप करायला घेतलं. सगळे वाट पाहत राहिले. पोहे झाले, चहा झाला, आणि मग स्पीकर म्हणाला, "या. बसा." बसलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि उगाच थोडं सरकून पुन्हा बसली.

मी आतल्या पडद्याआड उभी होते. व्याह्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "बाकी सगळं ठीक हाये. पोरीच्या नोकरीचं काय म्हनता?"

काकांनी तोंड उघडलं. बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि टाइप करायला लागले. एकेक अक्षर. आणि लाइट गेली.

रविवारी लाइट जात नसे. त्या रविवारी गेली. यूपीएस दोनदा ओरडला आणि आडवा झाला. पडदा काळा. मी शनिवारची अख्खी संध्याकाळ ज्या आवाजासाठी घातली तो तारेत कुठंतरी अडकून बसला, आणि मला तिथंच मोठ्यानं शिवी द्यावीशी वाटली.

"हं," काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "दादाचं म्हननं असं हाये का..."

बाबा उठले. त्यांनी गळ्याचा दुपट्टा सोडला. सगळ्यांसमोर. गळ्याचं भोक उघडं पडलं, पाहुण्यांतल्या एकानं नजर खाली घातली. बाबा व्याह्यांच्या समोर जाऊन बसले आणि तो दुपट्टा आपल्या उजव्या हातावर टाकून हात पुढे केला.

रुमालाचा सौदा! जन्मभर ज्याच्यावर ओरडले तोच. व्याही क्षणभर बाबांच्या तोंडाकडे पाहत राहिले, मग सावरून बसले, बाही वर केली आणि दुपट्ट्याखाली हात घातला.

खरं तर मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मान हलवली की काका तिचा अर्थ सांगायला बसलेच होते. दुपट्ट्याखाली काकांना काही दिसत नव्हतं.

"सोडन?" व्याह्यांनी विचारलं. थांबले. बोटं चाचपल्यासारखं केलं. "बरं. वर्षभर करन, मंग सोडन?" पुन्हा थांबले. "पोरंबाळं झाल्यावर तं सोडन?" काका वाकून दुपट्ट्याखाली डोकवायला लागले, तशी बाबांनी त्यांच्या पायावर पाय दिला. व्याह्यांच्या कपाळावर घाम आला होता. पंखा बंद होता म्हणून असेल. शेवटी ते हसायला लागले.

"कडक मानूस हाये बुवा," हात बाहेर काढत ते आपल्या माणसांना म्हणाले. "मूठ दाबून बसला, एक बोट सैल नाई करून राहिला. ठरलं. पोरगी नोकरी करन."

पडद्याआड मी रडत होते आणि आई मला चिमटे काढत होती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

पाहुणे गेल्यावर लाइट आली. बाबांनी दुपट्टा परत गुंडाळला नव्हता, तो खुर्चीच्या पाठीवर होता. मी कंप्युटर चालू केला. तो मध्येच बंद पडल्यामुळे बराच वेळ स्वतःलाच तपासत बसला. तेवढ्यात समोरच्या चाची आल्या. "क्या हुआ? जम गया क्या?"

"जमलं न!" काका म्हणाले. "मी सांगतलं त्यायले, नोकरीचं असं असं हाये. दादाचं म्हननंच तसं हाये म्हनलं, मंग ते..."

बाबा कीबोर्डवर वाकले. एका बोटानं शोधून शोधून काहीतरी लिहिलं आणि एंटर दाबलं.

"मी बोललो," स्पीकर म्हणाला.

काका थांबले. आईनं डोक्यावर पदर घेतला. बाबांनी पुन्हा एंटर दाबलं, मग पुन्हा, आणि आमच्या घरातून तो सपाट, ठणठणीत आवाज गल्लीभर जात राहिला.

"मी बोललो. मी बोललो. मी बोललो."